नवा थर्मोस्टॅट बसवूनही सेंट्रल एसी बंदच. ३ अँपिअरचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो आहे

वारणाकाठ (प्लेनो, टेक्सास)

नमस्कार. आमच्या घरातील सेंट्रल एसी गेले चार दिवस बंद आहे. बाहेर दुपारचे तापमान १०१ अंश फॅरनहाइटवर जाते आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या रात्री अकरा वाजतासुद्धा ९० अंशांच्या खाली येत नाहीत. आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली आहे. तिचे वय ७४ आहे आणि तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे मला हे प्रकरण लांबणीवर टाकता येणार नाही. आपल्यापैकी कोणी या विषयातले जाणकार असतील तर मार्गदर्शन करावे, ही विनंती. जे जे घडले ते क्रमाने लिहितो.

गुरुवारी संध्याकाळी घरी आलो तेव्हा भिंतीवरच्या जुन्या थर्मोस्टॅटच्या (तापमान लावून एसी चालू-बंद करणाऱ्या उपकरणाच्या) पडद्यावर 'कूल ऑन' ही अक्षरे नेहमीप्रमाणे दिसत होती, परंतु छताच्या जाळ्यांतून हवा येत नव्हती. बाहेरचे युनिट बंद होते आणि पोटमाळ्यावर फर्नेसजवळ (हिवाळ्यात घर गरम करणाऱ्या यंत्राजवळ) असलेला पंखाही फिरत नव्हता. जुना थर्मोस्टॅट दोन पेन्सिल सेलवर चालणारा होता. सेल बदलून पाहिले, काही फरक पडला नाही. थर्मोस्टॅट बारा वर्षांचा जुना असल्यामुळे तोच गेला असावा असे समजून मी दुकानातून वाय-फायवर चालणारा नवा थर्मोस्टॅट आणला.

जुन्याला चार तारा जोडलेल्या होत्या: आर खुणेला लाल, वायला पिवळी, जीला हिरवी आणि डब्ल्यूला पांढरी. पाचवी निळी तार कोणालाच न जोडता भिंतीच्या भोकात गुंडाळून ठेवलेली होती. नव्या थर्मोस्टॅटला सीची (वीज परत नेणारी) तार हवी असते असे माहितीपत्रकात लिहिले होते, म्हणून ती निळी तार इकडे सीला जोडली आणि पोटमाळ्यावर जाऊन फर्नेसच्या बोर्डावरही सीलाच जोडली. सर्व काम ब्रेकर पाडूनच केले. तरीही नव्या थर्मोस्टॅटचा पडदा उजळला नाही.

शनिवारी एका मित्राने बोर्डावरचा जांभळ्या रंगाचा, मोटारगाडीत असतो तसा ३ अँपिअरचा फ्यूज काढून दाखवला. तो उडालेला होता. नवा घातल्यावर पडदा लगेच उजळला. मी तापमान ७४ अंशांवर लावले, पाच मिनिटे थांबण्याची सूचना आली, आणि ती वेळ संपताच थर्मोस्टॅटमधून 'टिक' असा आवाज होऊन पडदा पुन्हा काळा झाला. दुसराही फ्यूज तसाच गेला. मित्राचे म्हणणे असे की एकदा १० अँपिअरचा घालून पाहावा. रविवारी एका कंपनीचा तंत्रज्ञ येऊन गेला. त्याने मीटर बाहेर काढलाच नाही. वीस मिनिटांत बोर्ड आणि बाहेरचे युनिट दोन्ही संपल्याचे सांगून ११,८०० डॉलरचा अंदाज हातात दिला.

माझे प्रश्न दोन आहेत. नवा थर्मोस्टॅटच सदोष असेल का? आणि निळी तार जोडताना माझ्याकडून काही चुकले असेल का?


रातराणी (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार. सर्वप्रथम आईंविषयी. एसी सुरू होईपर्यंत त्यांची झोपण्याची व्यवस्था खालच्या मजल्यावर करा, आणि शक्य असेल तर एका खोलीपुरता खिडकीतला छोटा एसी आणा किंवा कोणाकडून मागून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लघवीवाटे पाणी जास्त जाते. अशा उकाड्यात त्यांनी पाणी किती प्यावे, हे त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करून विचारलेले बरे.

आता दुरुस्तीविषयी माझा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी आमचाही थर्मोस्टॅट असाच अचानक काळा पडला होता. आमच्याकडे कारण निघाले ते पाण्याचे. एसीच्या आतल्या कॉइलवर जमणारे पाणी ज्या प्लास्टिकच्या नळीतून बाहेर जाते, ती शेवाळाने तुंबली होती. पाणी तबकडीत साचले आणि तिथला तरंगता स्विच वर उचलला गेला. छत भिजू नये म्हणून हा स्विच थर्मोस्टॅटकडे जाणारी वीजच तोडतो. ओले-कोरडे दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूमने बाहेरच्या टोकाकडून नळी ओढून काढली आणि काम झाले. टेक्सासमध्ये आतली यंत्रणा बहुधा पोटमाळ्यावर असते, म्हणून तुम्ही प्रथम फर्नेसखालच्या तबकडीत पाणी आहे का ते पाहा.

१० अँपिअरचा फ्यूज मात्र कृपा करून घालू नका.


विजेरी (ह्यूस्टन)

मी गेली एकोणीस वर्षे इमारतींच्या विद्युत यंत्रणांचे काम करतो. वारणाकाठ यांनी घटनाक्रम नीट लिहिला आहे आणि त्यातच बरेचसे उत्तर आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रातराणी यांनी सांगितलेला तरंगता स्विच पाहण्यात चूक काहीच नाही, दोन मिनिटांचे काम आहे. पण तो स्विच वीज फक्त तोडतो, फ्यूज उडवत नाही. आपल्याकडे फ्यूज उडतो आहे, आणि तोही थंडाव्याची मागणी झाली त्याच क्षणी. फ्यूज उडतो याचा अर्थ कुठेतरी वीज आपले ठरलेले काम न करताच परत फिरते आहे, म्हणजेच कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

थर्मोस्टॅटविषयी एक गोष्ट मनात पक्की करावी. तो केवळ स्विच आहे. फर्नेसमधील छोटा ट्रान्सफॉर्मर घरातली १२० व्होल्टची वीज २४ व्होल्टवर आणतो. ती लाल तारेने थर्मोस्टॅटपर्यंत येते. थर्मोस्टॅट तीच वीज गरजेप्रमाणे पिवळ्या, हिरव्या किंवा पांढऱ्या तारेला जोडून देतो. पिवळी तार बाहेरच्या युनिटला बोलावते, हिरवी आतल्या पंख्याला, पांढरी हीटिंगला. काम करून वीज ज्या मार्गाने ट्रान्सफॉर्मरकडे परतते तो मार्ग म्हणजे सी. जुना थर्मोस्टॅट स्वतःच्या पडद्यासाठी सेल वापरत होता. म्हणूनच गुरुवारी २४ व्होल्टची वीज नाहीशी झालेली असूनही त्यावर 'कूल ऑन' दिसत राहिले. नव्याला पडद्यासाठीही हीच वीज लागते, म्हणून फ्यूज जाताच तो काळा पडतो. आपली निळी तार बरोबर आहे आणि नवा थर्मोस्टॅटही, माझ्या मते, निर्दोष आहे. बिघाड त्याच्या आधीचा आहे.

आपण लिहिलेले 'पोटमाळ्यावरचा पंखाही फिरत नव्हता' हे वाक्य माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. नुसते बाहेरचे युनिट बिघडले असते तर आतला पंखा फिरत राहिला असता आणि जाळ्यांतून कोमट हवा आली असती. दोन्ही एकाच वेळी थांबले, म्हणजे दोघांना आज्ञा देणारी २४ व्होल्टची वीजच गेली होती. मीटर न लावता बाहेरचे युनिट 'संपले' असे सांगणे मला योग्य वाटत नाही. ११,८०० डॉलरच्या निर्णयापूर्वी वीस डॉलरचा मल्टिमीटर विकत घ्यावा.

मोठ्या फ्यूजविषयी कारणासह सांगतो. घरगुती फर्नेसमधला ट्रान्सफॉर्मर बहुधा ४० व्होल्ट-अँपिअरचा असतो. २४ व्होल्टला त्याची क्षमता भरते सुमारे १.६७ अँपिअर. ३ अँपिअरचा फ्यूज त्याच्या संरक्षणासाठी आहे. तिथे १० अँपिअरचा घातला तर फ्यूज टिकेल आणि ट्रान्सफॉर्मर जळेल, शिवाय भिंतीत न दिसणाऱ्या बारीक तारा तापतील त्या वेगळ्याच. फ्यूज वाया जाऊ नयेत असे वाटत असेल तर फ्यूजच्या खाचेत बसणारा, बटण दाबून पुन्हा चालू करता येणारा ३ अँपिअरचा चाचणी-ब्रेकर मिळतो, तो घ्यावा.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो. फर्नेसचा आणि बाहेरच्या युनिटचा, असे दोन्ही ब्रेकर पाडावेत आणि बाहेर भिंतीवरच्या डबीतला खटकाही ओढून काढावा. पोटमाळ्यावर पहाटे सहाच्या सुमारास जावे. दुपारी तिथे काम करण्याचा प्रयत्नसुद्धा करू नये. बोर्डावर वाय खुणेच्या स्क्रूखाली दोन तारा दिसतील. एक थर्मोस्टॅटकडून आलेली पिवळी आणि दुसरी बाहेरच्या युनिटकडे जाणारी. ही दुसरी तार तेवढी सोडवावी व तिच्या टोकाला टेप लावावा. नवा फ्यूज घालावा, फर्नेसचा दरवाजा नीट बसवावा आणि फक्त फर्नेसचा ब्रेकर चढवावा. दरवाज्यामागे एक सुरक्षा स्विच असतो आणि दरवाजा उघडा असताना तो सर्व वीज तोडतो. पुष्कळ जण दरवाजा काढून बोर्डावर मीटर लावतात, शून्य व्होल्ट पाहतात आणि ट्रान्सफॉर्मर मेला असे ठरवून बसतात.

मग थर्मोस्टॅटवर थंडावा लावून पाच मिनिटे थांबावे. फ्यूज टिकला आणि पंखा सुरू झाला, तर दोष बाहेरच्या वाटेवर आहे. तरीही उडाला तर दोष भिंतीतल्या तारांत, थर्मोस्टॅटमध्ये किंवा बोर्डात शोधावा लागेल.

फ्यूज टिकल्यास पुढची पायरी अशी: पुन्हा सर्व वीज बंद करावी. बाहेर जाणाऱ्या केबलमधील सीची तारही सोडवावी आणि त्या दोन मोकळ्या तारांमध्ये मीटरने ओहम (विजेला होणारा रोध) मोजावेत. मीटरची दोन टोके आधी एकमेकांना लावून स्वतः मीटरच किती दाखवतो तेही नोंदवून ठेवावे. त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला बाहेरच्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे २४ व्होल्टच्या इशाऱ्यावर बाहेरच्या युनिटला वीज जोडणाऱ्या स्विचची, कॉइल असते. ती चांगली असेल तर साधारण १० ते २० ओहम दिसावेत. शून्याच्या जवळ दिसले तर एक तर कॉइल शॉर्ट आहे किंवा केबल. ते ठरवण्यासाठी बाहेर जाऊन कॉन्टॅक्टरच्या बाजूच्या दोन बारीक तारा काढायच्या आणि कॉइल वेगळी मोजायची, केबल वेगळी मोजायची.

बाहेरचे झाकण उघडताना मात्र फार सांभाळून. तिथे २४० व्होल्ट असतात. कित्येक घरगुती युनिटांतला कॉन्टॅक्टर दोनांपैकी एकच वाट तोडतो, म्हणजे युनिट बंद दिसत असतानाही आतल्या भागात वीज असते. म्हणून ब्रेकर आणि डबीतला खटका दोन्ही काढलेले असल्याची मीटरने खात्री करूनच हात घालावा. आत चांदीच्या रंगाचा, डब्यासारखा कपॅसिटर दिसेल. तो वीज बंद केल्यानंतरही भार धरून ठेवतो. त्याला स्पर्श करू नये.

आणखी एक विचारायचे राहिले. गुरुवारी किंवा त्याच्या आदल्या दिवशी बाहेरच्या युनिटजवळ कोणी गवत कापले होते का?


मुळामुठा (पुणे)

विजेरी यांचे उत्तर वाचून एक शंका आली. असा वाय-फायचा थर्मोस्टॅट पुण्यातल्या आमच्या स्प्लिट एसीला जोडता येईल का? भावाने अमेरिकेहून एक पाठवला आहे.


विजेरी (ह्यूस्टन)

जोडू नये. भारतातील स्प्लिट एसीत भिंतीवरचा स्वतंत्र थर्मोस्टॅट नसतो. खोलीतील हवेचे तापमान मोजणारा छोटा सेन्सर आतल्या युनिटमध्येच बसवलेला असतो, कॉइलच्या तांब्याच्या नळीला दुसरा असतो, आणि निर्णय त्यातला बोर्ड घेतो. जुन्या विंडो एसीत गोल फिरवायचा थर्मोस्टॅट असे, पण त्यातून २३० व्होल्टची वीज थेट कॉम्प्रेसरला जाते. २४ व्होल्टसाठी बनवलेले यंत्र तिथे लावले तर ते जळेल आणि आगीचाही धोका आहे. घरबसल्या एसी चालू-बंद करायचा असेल तर रिमोटसारखे अदृश्य किरण सोडणारी छोटी उपकरणे मिळतात. त्यांना एसीची एकही तार उघडावी लागत नाही.


वारणाकाठ (प्लेनो, टेक्सास)

विजेरी, आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. रातराणी, आपल्या सांगण्यावरून आईची व्यवस्था खालच्या खोलीत केली आहे, शेजाऱ्यांनी खिडकीतला एसी दिला आहे आणि ती काल रात्री नीट झोपली. तिच्या डॉक्टरांशीही बोलणे झाले. तबकडी पाहिली, पूर्ण कोरडी आहे.

आज पहाटे सव्वासहाला वर गेलो. वाय स्क्रूखाली आपण म्हणालात तशा दोन तारा होत्या. माझ्याकडे बाहेर जाणाऱ्या केबलमध्ये दोनच तारा आहेत, एक लाल आणि एक पांढरी. लाल तार पिवळीबरोबर वायला जोडलेली होती आणि पांढरी सीला. लाल तार आरऐवजी वायला पाहून मी प्रथम गोंधळलो, परंतु काहीही न बदलता फोटो काढून ठेवला.

लाल तार सोडवून नवा फ्यूज घातला. पाच मिनिटांनी पंखा सुरू झाला आणि फ्यूज टिकला. अर्धा तास चालवून पाहिले. हवा गरमच होती, पण पडदा उजळलेला राहिला.

नंतर वीज बंद करून लाल व पांढऱ्या तारेमध्ये मोजले: ०.७ ओहम. मीटरची टोके एकमेकांना लावली तर ०.३ ओहम दिसतात. बाहेर जाऊन कॉन्टॅक्टरच्या तारा काढल्या. कॉइल १३ ओहम दाखवते. तारा मोकळ्या केल्यावर पोटमाळ्यावरून पुन्हा मोजले, तरीही ०.७ ओहमच.

गवताविषयी विचारलेत म्हणून पत्नीला विचारले. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास गवत कापणारे आले होते आणि त्यांनी युनिटच्या मागचे वाढलेले गवत फिरत्या दोरीच्या यंत्राने साफ केले होते. मी यापूर्वी त्याचा या प्रकरणाशी संबंधच लावला नव्हता.


विजेरी (ह्यूस्टन)

मोजमापे अगदी स्पष्ट आहेत. कॉन्टॅक्टरची कॉइल चांगली आहे. दोन्ही टोके मोकळी असताना केबलच्या दोन तारांमध्ये मीटरने काहीच दाखवायला नको होते, आणि तो ०.७ दाखवतो आहे. केबल शॉर्ट आहे. बोर्ड शाबूत, थर्मोस्टॅट शाबूत, बाहेरचे युनिटही बहुधा शाबूत.

जागा शोधण्यासाठी एक हिशेब करता येतो. १८ गेज जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध १००० फुटांना सुमारे ६.४ ओहम असतो. आपल्या ०.७ मधून मीटरचे स्वतःचे ०.३ वजा केले तर ०.४ राहतात, म्हणजे जाऊन-येऊन ६२ फूट तार, अर्थात बोर्डापासून सुमारे ३१ फुटांवर दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या आहेत. इतक्या लहान आकड्यांत घरगुती मीटर फार अचूक नसतो, त्यामुळे हा फुटपट्टीने धरण्यासारखा आकडा नाही. तरीही आपली केबल एकूण ३५ फुटांच्या आसपास असेल तर दोष भिंतीत नसून बाहेरच्या टोकाजवळ आहे, असे धरून शोध सुरू करावा. विटांच्या भिंतीतून तांब्याच्या नळ्या बाहेर पडतात तिथपासून युनिटच्या पत्र्यातल्या भोकापर्यंत प्रत्येक इंच पाहावा. नळीखालची बाजू हाताने चाचपावी, कारण केबल तिथे बांधलेली असते आणि उभ्याने पाहिले तर दिसत नाही.

रंगांविषयी आपण घेतलेली काळजी योग्य होती. लाल म्हणजे आर, पिवळी म्हणजे वाय ही केवळ प्रथा आहे. दोन तारांच्या केबलमध्ये लाल-पांढरीच मिळते, म्हणून बाहेरच्या वाटेवर लाल तार वायचे काम करते. तार कोणत्या स्क्रूखाली आहे त्यावर विश्वास ठेवावा, रंगावर नव्हे. सीची निळी तारसुद्धा कित्येक घरांत काळी असते.

दुरुस्ती करताना फक्त जखमेवर काळी टेप गुंडाळून भागवू नये. टेक्सासच्या उन्हात ती टेप एका उन्हाळ्यात सुटते.


रातराणी (एडिसन, न्यू जर्सी)

मला हे ठाऊक नव्हते की तारेच्या रोधावरून अंतर काढता येते. आमच्या युनिटचीही केबल गवताला टेकूनच जाते आहे, हे आत्ताच खाली जाऊन पाहून आले. ती उचलून बांधून घेते.


वारणाकाठ (प्लेनो, टेक्सास)

सापडली.

युनिटच्या मागे, भिंतीपासून साधारण हातभर अंतरावर, तांब्याच्या जाड नळीवरचे काळे स्पंजाचे आवरण एका बाजूने फाटलेले होते. त्याच्या खालून तपकिरी केबल जात होती. मी गुडघ्यांवर बसून ती उलटी केली तेव्हा एकमेकांपासून बोटभर अंतरावर दोन चिरा दिसल्या. एक चीर जुनी असावी, कारण तिथले तांबे काळवंडलेले होते आणि आवरण उन्हाने कडक होऊन तडकले होते. दुसरीत तांबे नव्या नाण्यासारखे लखलखत होते. तिथे लाल आणि पांढऱ्या दोन्ही तारांचे कवच सोलले गेले होते आणि केबल नळीवर आवळून बांधलेली असल्यामुळे दोन्ही उघड्या तारा एकमेकींवर दाबल्या गेल्या होत्या. मी नखाने त्या वेगळ्या केल्या आणि मुलाला पोटमाळ्यावरच्या मीटरकडे पाहायला सांगितले. तो वरून ओरडून म्हणाला, "बाबा, आता काहीच दाखवत नाही!"

भिंतीबाहेरचा सगळा तुकडा कापून टाकला. भिंतीतून आलेली केबल आतल्या बाजूला चांगली, चकचकीत होती. तिथे जमिनीपासून दोन फुटांवर एक छोटी पाणीरोधक डबी बसवली, ग्रीस भरलेल्या टोप्यांनी जोड दिले, आणि तिथून युनिटपर्यंत उन्हात टिकणारी नवी १८ गेजची केबल लवचीक नळीतून नेली. पूर्ण खर्च ३८ डॉलर झाला, त्यात मीटर धरलेला नाही.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी दोन्ही ब्रेकर चढवले. पाच मिनिटे आम्ही सगळे थर्मोस्टॅटसमोर उभे होतो. टिक झाले, पडदा उजळलेलाच राहिला, आणि मागच्या अंगणातून कॉम्प्रेसरचा आवाज आला. वीस मिनिटांनी परत जाणाऱ्या हवेचे तापमान ८४ आणि जाळीतून येणाऱ्या हवेचे ६५ मोजले. आई जाळीखाली खुर्ची घेऊन बसली होती.

रविवारी ज्या कंपनीचा माणूस आला होता, तिला मी सविस्तर पत्र लिहून फोटो पाठवले आहेत. माझा आक्षेप किमतीला नाही. घरात वृद्ध व्यक्ती आहे आणि घर तापले आहे हे पाहूनही मीटर न लावता निदान सांगितले गेले, याला माझा आक्षेप आहे.

आता एक शेवटची शंका. बाहेरचे झाकण उघडे असताना मित्राने, जो विद्युत उपकरणे दुरुस्त करण्याचे काम जाणतो, कपॅसिटर रीतसर रिकामा करून मोजला. त्यावर ४५/५ मायक्रोफॅरड, ±६ टक्के आणि ३७० व्होल्ट असे छापलेले आहे. मोजला तेव्हा मोठा भाग ४१ आणि लहान भाग ४.९ आला. यंत्रणा तर चालते आहे. तो बदलावा का?


विजेरी (ह्यूस्टन)

वाचून फार समाधान वाटले. १९ अंशांचा फरक उत्तम आहे, सर्वसाधारणपणे १६ ते २२ अंशांच्या दरम्यान असला तर गॅसच्या बाबतीत चिंता करण्याचे कारण नसते. त्या नळ्यांतल्या गॅसला मात्र घरी हात लावायचा नाही. त्यासाठी इथे पर्यावरण खात्याच्या ६०८ क्रमांकाच्या नियमाखाली प्रमाणित तंत्रज्ञच लागतो.

कपॅसिटर बदलावा. ४५ चे ६ टक्के म्हणजे २.७, म्हणून खालची मर्यादा ४२.३ आहे आणि आपला ४१ वर आला आहे. कॉम्प्रेसर अजून सुरू होतो, पण चालताना त्याला गरजेपेक्षा जास्त विद्युतप्रवाह ओढावा लागतो आणि त्याची वाइंडिंग तापते. ऑगस्टच्या एखाद्या दुपारी तो नुसताच गुणगुणेल आणि सुरू होणार नाही. ४.९ चा भाग पंख्याचा आहे आणि तो ठीक आहे, परंतु दोन्ही एकाच डब्यात असल्याने पूर्ण डबा बदलावा लागतो.

नवा घेताना ४५/५ हा आकडा तोच हवा. व्होल्ट ३७० च्या जागी ४४० चे चालतात, उलट चालत नाही. काम आपल्या मित्राकडूनच करून घ्यावे, आणि तारा काढण्यापूर्वी फोटो घ्यावा. कपॅसिटरच्या डोक्यावर तीन खुणा असतात: हर्म म्हणजे कॉम्प्रेसर, फॅन म्हणजे पंखा, आणि तिसरी सी. हा सी आणि थर्मोस्टॅटचा सी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. थर्मोस्टॅटच्या सीवर २४ व्होल्टची परतीची तार असते, आणि कपॅसिटरच्या सीवर २४० व्होल्टच्या लाइनची तार येते. आपली नवी लाल-पांढरी केबल त्याच कप्प्यात येते, म्हणून तिची दोन टोके कॉन्टॅक्टरच्या बाजूच्या छोट्या पात्यांवरच जोडलेली आहेत ना, हे झाकण लावण्यापूर्वी मित्राला एकदा पाहायला सांगावे.